काचेचं कॅबिनेट राहू द्या, एसएमपीएस बघा

पत्र असं आलंय:

"नमस्कार दादा. मी सांगलीत गावभागात राहते, घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, हँडबिलं, मंडळांची पावती पुस्तकं, फ्लेक्सचं डिझाईन. माझा पीसी २०१४ चा आहे, विंडोज ७, रॅम ४ जीबी. फ्लेक्सची फाईल सेव्हला टाकली की मी कुकर लावून येते तरी ते गोल फिरतच असतंय. आता बदलायचाच आहे. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो म्हणतोय पार्ट ऑनलाईन मागवू, मी घरी जोडतो. त्याची यादी ६८ हजारांवर गेलीय. ह्यांच्या ओळखीच्या दुकानात कंपनीचा तयार डेस्कटॉप ५२ हजारांत मिळतोय, आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, ओरिजिनल विंडोज, एक वर्ष ऑनसाइट वॉरंटी. मॉनिटर जुनाच वापरणार. ह्यांचं म्हणणं, पोराच्या हातात एवढा माल देऊन प्रयोग कशाला. माझं बजेट ५५. गणपतीच्या कामाच्या आत मशिन पाहिजे. दोघांचं भांडण मिटवा. दोन्ही कागदांचे फोटो पाठवलेत."

ताई, नमस्कार. दोन्ही कागद बघितले, लेकाची यादी तर दोनदा बघितली कारण त्यात एक गंमत आहे ती पुढं सांगतो. आधी निकाल. असेंबलच करा. पण लेकाची यादी आहे तशी नको आणि चार साईटवरून चार पार्सल पण नकोत. सगळे पार्ट सांगलीतल्याच एका दुकानातून एका बिलावर घ्या, आणि जोडायला लेकाला बसवा, घरी नाही, दुकानाच्याच टेबलावर, त्यांचा माणूस शेजारी उभा असताना. बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत, दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतंच.

आता का ते. माझं स्वतःचं आधी मत उलटं होतं. कामाचं मशिन असेल तर कंपनीचंच घ्यावं, बंद पडलं तर फोन केला की माणूस दारात येतो, हे मी पण चार जणांना सांगितलंय. मग एका पतसंस्थेच्या ऑफिसात मीच सांगून तसला बारीक, पुस्तकासारखा उभा राहणारा डेस्कटॉप घेतला गेला आणि वॉरंटी संपून दोन महिने झाले नाहीत तोवर त्याची पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा, गेली. आपल्याकडं सगळे एसएमपीएसच म्हणतात तिला. म्हटलं अर्ध्या तासाचं काम आहे, नवीन आणून टाकू. उघडून बघतोय तर तिचा आकारच वेगळा, कुठल्या दुकानातली बसेना. आकाराचं जाऊ दे, बाहेर ठेवून तरी जोडू म्हटलं तर मदरबोर्डवर नेहमीची २४ पिनची जागाच नाही, कंपनीची स्वतःची वेगळीच पिन. सांगलीत नाही, मिरजेत नाही, कोल्हापूरला फोन केला तर ऑर्डर टाकावी लागेल. अकरा दिवस ते टेबल बंद. मॅनेजर साहेब रोज माझ्याकडं असं बघायचे की जणू मीच ती जाळलीय.

सगळेच तयार डेस्कटॉप असे नसतात हे पण सांगतो, मोठ्या कॅबिनेटवाल्यांत काही ठिकाणी नेहमीचे पार्ट बसतात. पण तुमच्या कोटेशनवर जो मॉडेल आहे तो बारीकवालाच आहे, फोटोतच दिसतंय. आणि ऑनसाइट वॉरंटी म्हणजे माणूस दुसऱ्या कामाच्या दिवशी येतो असं कागदावर असतंय, येतो पण, पण तो येऊन बघतो आणि पार्ट मागवतो, पार्ट यायचा तेव्हा येतो. त्यात शनिवार-रविवार धरत नाहीत. तुमचं काम कसं आहे ताई? शुक्रवारी रात्री मंडळाची पोरं येणार, रविवारी सकाळी फ्लेक्स लागला पाहिजे. तुम्हाला असं मशिन पाहिजे की शनिवारी संध्याकाळी एसएमपीएस जळली तर लेक गाडीवर जाऊन नवीन घेऊन येईल आणि नऊच्या आत मशिन चालू. स्टँडर्ड पार्टच्या असेंबल मशिनचा तुमच्यासाठी खरा फायदा एवढाच. "असेंबल स्वस्त पडतंय" हे जुनं झालं आता, विंडोजचे पैसे धरले तर फारसा फरक उरत नाही, कधी कधी तयारच स्वस्त पडतंय. त्यामुळं ह्यांना सांगताना स्वस्त म्हणून सांगू नका, ते हिशेब मांडून बसतील आणि तुम्ही हराल.

आता ती गंमत. लेकाच्या यादीत ग्राफिक कार्ड आहे, चांगलं दणकट आहे, यादीतली सगळ्यात महाग वस्तू तीच. ताई, ते कोरलसाठी, म्हणजे तुमच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरसाठी, नाही ओ. लग्नपत्रिकेला आणि फ्लेक्सला तसल्या कार्डाची काही गरज नसते, कोरलला प्रोसेसरचा एकेक कोअर तेज पाहिजे, रॅम भरपूर पाहिजे आणि डिस्क एसएसडी पाहिजे. फोटोशॉपला पण १६ जीबी रॅम असली की तुमचं काम आरामात होतंय. कार्ड गेमसाठी आहे ते तुम्हाला कळलं असेलच, आणि सोबत काचेचं कॅबिनेट, त्यात रंगीत लाईटचे चार पंखे. मी पोराला दोष देत नाही, त्या वयात मी पण तेच केलं असतं. पण आईच्या धंद्याच्या पैशातून नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, नुसतं कार्ड खोडून बाकी यादी तशीच दिली तर फसाल. त्यानं प्रोसेसर लिहिलाय आय फाइव्ह १२४०० एफ. तो शेवटचा एफ महत्त्वाचा आहे. एफ म्हणजे प्रोसेसरच्या आतली ग्राफिक्स बंद, कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. सगळं जोडून झालंय, पंखे फिरतायत, लाईट लागलाय आणि मॉनिटर काळा, असा प्रकार मी तीन घरांत बघितलाय, तिन्ही ठिकाणी मदरबोर्ड खराब आलाय म्हणून दुकानदाराशी भांडून झालेलं होतं. साधा १२४०० घ्या, एफ नसलेला. सहा कोअर, बारा थ्रेड, तुमच्या कामाला पाच-सात वर्षं बघायला नको. रायझन घ्यायचा झाला तर तिथं उलटं असतंय, ५६०० ला आत ग्राफिक्स नाही, ५६०० जी ला आहे. म्हणजे एका कंपनीत अक्षर लागलं की ग्राफिक्स जातं आणि दुसरीत अक्षर लागलं की येतं.

मदरबोर्ड घेताना रॅमचं विचारून घ्या. १२४०० चा बोर्ड डीडीआर ४ चा पण मिळतो आणि डीडीआर ५ चा पण, दोन्हींच्या रॅमची खाच वेगळ्या जागी असते, एकमेकांत बसत नाही. तुमच्या जुन्या पीसीतली रॅम डीडीआर ३ आहे, ती ह्यातल्या कशातच चालणार नाही, तेवढी आशा सोडा. आणि रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून भडकलेत, ही एआयची मोठमोठी डेटा सेंटरं मेमरी ओढून घेतायत आणि आपल्यासारख्यांना जास्त पैसे मोजावे लागतायत. तयार डेस्कटॉपमध्ये ८ जीबीच का देतात ते त्यात आलं. तुमचा लेक लिहितो थोडं थांबू, उतरेल. गणपतीच्या आत तर उतरेल म्हणून मी थांबणार नाही. १६ जीबीची एकच पट्टी घ्या आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. लेक म्हणेल ८ ८ च्या दोन घेतल्या तर स्पीड जास्त मिळतो, खरं आहे त्याचं, आतल्या ग्राफिक्सला तर फरक पडतोच, पण बजेटातल्या बोर्डाला बऱ्याचदा दोनच स्लॉट असतात, उद्या ३२ करायची म्हटलं तर दोन्ही काढून ठेवाव्या लागतील. तुम्हाला वाढवायची सोय जास्त कामाची.

आता ज्याच्यासाठी मी हे लांबलचक लिहितोय ते. लेकाच्या यादीत एसएमपीएस सगळ्यात शेवटी आहे आणि सगळ्यात स्वस्त आहे. कार्डाला एवढे आणि जिच्यावर सगळं चालतंय तिला एवढेसे. कॅबिनेटसोबत फुकट येणारी किंवा हातात घेतली की पोकळ लागणारी एसएमपीएस घेऊ नका, स्टिकरवर ४५० वॅट छापलेलं असतं पण स्टिकर काय कुणी पण छापतंय. हातात धरून वजन बघा, खरंच बघा, दुकानात लाजू नका, आपण कलिंगड वाजवून घेतो की. वर ८० प्लसचा, म्हणजे वीज कमी वाया घालवते असा, छाप असलेली, तीन ते पाच वर्षं वॉरंटीची, ४५० वॅटची पुरे. कार्ड नसलं तर कोरलवर काम करताना असलं मशिन मॉनिटर धरून शंभर-दीडशे वॅटच्या पुढं जात नाही, त्यामुळं ६५० नि ७५० च्या मागं लागू नका. हलकी एसएमपीएस नुसती मरत नाही, जाताना बोर्डाला पण घेऊन जाते. पावसाळ्यात आपल्याकडं लाईट जाते-येते किती वेळा ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून यूपीएस पण ह्याच बिलात धरा, साधा ६०० व्हीएचा, तो साडेतीनशे वॅटच्या आसपास देतो, फाईल सेव्ह करून बंद करायला भरपूर. दोन्ही यादीत यूपीएस नाहीच. आणि घरात अर्थिंग आहे का ते वायरमनला एकदा बघायला लावा, कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येत असतील तर नाहीये.

यादीत अजून दोन गोष्टी नाहीत. एक विंडोज. तयार मशिनमध्ये ती आलेलीच असते, असेंबलमध्ये वेगळी घ्यावी लागते आणि लेकानं तिथं शून्य लिहिलंय म्हणजे कुठून तरी क्रॅक टाकणार. नको. गिऱ्हाईकांच्या फायली, यूपीआय, बँक सगळं त्याच मशिनवर असतंय तुमचं. विंडोज ७ चा सपोर्ट २०२० च्या जानेवारीतच संपला, १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता ११ च टाकायची, ओरिजिनल. ग्राफिक कार्ड खोडलं की ह्याचे पैसे त्यातूनच निघतात, यूपीएसचे पण, आणि दुसरी गोष्ट म्हणजे बॅकअपची बाहेरची हार्डडिस्क, तिचे पण. साधं जाळीवालं कॅबिनेट घेतलं की ५५ त बसतंय का बघा, हजार-दोन हजार इकडं तिकडं होईल.

जुनं मशिन विकू नका हां. दोन हजार पण कुणी देणार नाही आणि तुमच्या दहा वर्षांच्या श्रीलिपीतल्या, म्हणजे त्या जुन्या मराठी फाँटातल्या, फायली त्यावर उघडतायत. जुना कोरल विंडोज ११ वर कसा चालतोय, फाँट नीट दिसतायत का, जोडाक्षरं फुटतायत का, हे कळायला महिना जाईल. तोपर्यंत दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवा. जुन्याचं फक्त इंटरनेट काढा. मॉनिटर जुना वापरताय ते ठीक, पण त्याला मागं नुसती निळी व्हीजीएची पिन असेल तर बोर्डाला व्हीजीए आहे का बघूनच बोर्ड निवडा, नाहीतर घरी आल्यावर केबलसाठी परत फेरी. की-बोर्ड माऊस जुनाच चालेल.

दुकानात गेल्यावर बिलावर प्रत्येक पार्टचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. "असेंबल्ड कॉम्प्युटर, नग १" असं बिल घेऊ नका. असेंबलमध्ये वॉरंटी एकेका पार्टची वेगळी असते, प्रोसेसर-बोर्डाला साधारण तीन वर्षं, एसएसडीला तीन ते पाच, रॅमला त्याहून जास्त, आणि ती मागायला गेलं की पहिला प्रश्न सीरियल नंबर कुठाय. रिकामे खोके माळ्यावर ठेवा. ह्यासाठीच मी एका दुकानातून घ्या म्हणतोय, ऑनलाईन शे-दोनशे वाचतील, पण चार पार्ट चार ठिकाणचे असले आणि मशिन चालू झालं नाही की बोर्डवाला म्हणतो रॅम खराब, रॅमवाला म्हणतो बोर्ड खराब आणि तुम्ही मधल्या मधे. जीएसटी नंबर असेल तर बिलावर तो पण घाला, १८ टक्के लागतो, क्रेडिट मिळेल. नसेल तर सोडा.

जोडायचं म्हणाल तर पोराला येईल, अवघड नाहीये, पण तीन जागा अशा आहेत की तिथं त्या दुकानातल्या माणसाची नजर पाहिजे. प्रोसेसर बसवताना खालच्या बोर्डावर बारीक केसासारख्या शेकडो पिना उघड्या असतात, तिथं बोट लागलं की एखादी वाकते आणि वाकली की बोर्ड गेला, तो वॉरंटीत पण घेत नाहीत. प्रोसेसरवरचा छोटा त्रिकोण जागेवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, वरून अलगद सोडायचा, दाबायचा नाही. मग बाजूची दांडी खाली ओढताना करकर आवाज येतो आणि नवीन माणसाच्या पोटात गोळा येतो, येऊ दे, तो तसाच आवाज असतो. दुसरं म्हणजे रॅम, ती मात्र उलट, जोर लावून दाबायची, टक् आवाज आला पाहिजे, बरीच पोरं घाबरून अर्धवट बसवतात. आणि तिसरं बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनची प्रोसेसरची वेगळी केबल. ही विसरते. मी विसरलो होतो. २००६ साली पहिला पीसी जोडला तेव्हा, पेंटियम ४ होता, तेव्हा ती चार पिनची असायची, पंखा फिरतोय आणि स्क्रीनवर काही नाही, रात्री दोन वाजेपर्यंत मी सगळं काढून परत जोडलं तीनदा आणि सकाळी कॅबिनेट सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून हरभट रोडला घेऊन गेलो. त्या माणसानं झाकण उघडलं, एक केबल खुपसली, चालू केलं. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्याकडून घेतला. म्हणून म्हणतो दुकानाच्या टेबलावर जोडू दे, ती सायकलची फेरी तरी वाचेल.

लेक डिप्लोमा झाल्यावर पुण्याला वगैरे गेला तर काय, हा प्रश्न ह्यांनी विचारला तर बरोबर विचारलाय. तेव्हा तुमचा माणूस म्हणजे ते दुकान. म्हणून दुकान निवडताना भावापेक्षा तिथं मागं टेबलावर रिपेअरी चालते का ते बघा, नुसतं खोकी विकणारं नको. आणि तुमच्या जवळ असं दुकानच नसतं, किंवा लेकाला ह्यात रसच नसता, तर मी तुम्हाला तयारच घ्यायला सांगितलं असतं, फक्त मोठ्या कॅबिनेटचं आणि जास्तीचे पैसे भरून तीन वर्षांच्या वॉरंटीचं. एक वर्षाची कामाची नाही. कुणी पाठीमागून जुन्या कंपन्यांतले काढलेले पीसी अर्ध्या किमतीत दाखवेल, ते पण वाईट नसतात, पण इंटेल आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ चालू शकेल असं मायक्रोसॉफ्टच म्हणत नाही, त्यामुळं तिथं हात घालू नका.

गावभाग लिहिलंय म्हणून एक जास्तीचं. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, ४५ ला धोक्याची पातळी असते म्हणजे विचार करा, तेव्हा माझ्या माहितीतल्या एका प्रेसवाल्यानं प्रिंटर वर नेला, कागदाचे रिम वर नेले आणि ज्यात सगळी डिझाईनं होती तो पीसी टेबलाखाली राहिला. नवीन मशिनमधली एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते, एका स्क्रूवर बसवलेली. ती कुठं आहे आणि कशी काढायची ते जोडतानाच लेकाकडून दाखवून घ्या, तुम्ही स्वतः एकदा काढून बसवा, मशिन बंद करून, प्लग काढून. पाणी वाढतंय म्हटलं की सगळं कॅबिनेट उचलायची ताकद नसली तरी ती पट्टी नि बॅकअपची डिस्क ब्लाऊजच्या पिशवीत मावते. आणि भिजलेलं मशिन पाणी उतरल्यावर चालू होतंय का म्हणून बटण दाबून बघायचं नाही, आधी उघडून वाळवून दाखवायचं कुणाला तरी.

धुळीचं राहिलं. वर्षातून दोनदा ब्लोअर मारून घ्या, दिवाळीच्या साफसफाईत आणि उन्हाळ्याच्या आधी. मार्केट यार्डात एका अडत दुकानातला पीसी उघडला होता मी, आतला पंखा हळदीनं असा पिवळाधमक की लग्न लागलंय त्याचं. तुमच्याकडं हळद नसेल पण कागदाची भुकटी असेलच.

लेकाला माझ्याकडून एक सांगा, बोर्डावर कार्डाची लांब जागा मोकळीच राहणार आहे. पुढं त्यानं स्वतः कमावून कार्ड आणलं तर बसेल, एसएमपीएस तेवढी तेव्हा परत बघावी लागेल. आणि दुकानातून नवीन कोटेशन आणलं की पैसे द्यायच्या आधी फोटो पाठवा, एसएमपीएसचं मॉडेल वाचता येईल असा.